कटाची फाइल आणि वैराचे वय

जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण बारा दिवस लढले, अमेरिकेच्या विमानांनी फोर्दो, नतांझ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, आणि आपल्याकडच्या चर्चांत १९५३ हे साल पुन्हा वर आले. एका बाजूचे म्हणणे असे की इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसादेक यांचे सरकार अमेरिकेच्या सीआयए या हेरखात्याने पाडले तेव्हाच पुढचे सगळे ठरून गेले. शहांची राजवट, खोमेनींची इस्लामी क्रांती, वकिलातीतले ओलीस, अणुकार्यक्रम हे सारे त्याच एका पापाचे भोग. दुसरी बाजू विचारते, सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीचे मढे किती दिवस उकरत बसायचे? आजच्या बहुसंख्य इराणी लोकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, आणि जे धर्मगुरू आज मोसादेक यांच्या नावाने गळा काढतात त्यांच्याच पूर्वसुरींनी त्यांना ऐन वेळी वाऱ्यावर सोडले होते. दोन्हीकडचा आवेश मोठा आहे, पण गृहीतक एकच: १९५३ म्हणजे एक जुना अपमान. कोणाला तो विसरता कामा नये असे वाटते, कोणाला तो विसरायला हवा असे वाटते. वाद सगळा स्मरणशक्तीचा होऊन बसला आहे.

मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला दिसतो. गुप्त हस्तक्षेपाचा परिणाम लोकांच्या आठवणींतून फार थोडा वाहतो. तो मुरतो संस्थांमध्ये: सैन्यावर पाळत कोणी ठेवायची, परदेशी वकिलातीशी बोलणाऱ्या मंत्र्याचे काय होते, कोणत्या पक्षाला जगू द्यायचे, हे ठरवणाऱ्या यंत्रणांमध्ये. आणि तो इतका टिकतो याचे मुख्य कारण त्या कृत्यानंतरच्या नकारात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने जून १९४८ मध्ये काढलेल्या एनएससी १०/२ या आदेशात गुप्त कारवाईची व्याख्याच अशी केली होती की ती उघडकीला आली तरी सरकारला पटण्याजोगे हात झटकता आले पाहिजेत. म्हणजे नकार ही नंतर सुचलेली सारवासारव नव्हती. कारवाईच्या आराखड्यातच नकाराची जागा राखून ठेवलेली होती. उघड युद्ध तहाने संपते, निदान शस्त्रसंधीने तरी. जे आपण केलेच नाही असे एक पक्ष म्हणतो, त्याचा तह कोणी कोणाशी करायचा?

व्हिएतनामकडे पाहा. तिथे ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले, व्हिएतनामी माणसे लाखोंनी मेली, रानेच्या राने विषारी फवाऱ्याने जाळली गेली. तरी १९९५ च्या जुलैत दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध सुरळीत झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये हनोईने वॉशिंग्टनला आपल्या सर्वांत वरच्या दर्जाचा भागीदार मानले. तेहरानमध्ये १९ ऑगस्ट १९५३ रोजी मेलेल्यांचा आकडा दोन-तीनशेच्या घरात सांगितला जातो. वैराचे वय मृतांच्या संख्येवर ठरत असते तर या दोन देशांची स्थिती नेमकी उलटी दिसायला हवी होती. यावर कोणी म्हणेल, व्हिएतनाम जिंकला, शिवाय शेजारी चीन आहे, म्हणून त्याला अमेरिका हवी आहे. खरे आहे. पण युद्ध उघड असल्यामुळेच कोण जिंकले हे सर्वांना दिसले, १९७३ च्या पॅरिस करारावर सह्या झाल्या, आणि नंतर बेपत्ता सैनिकांच्या अस्थी शोधण्याच्या संयुक्त कामातून अधिकारी एकमेकांना ओळखू लागले. वाटाघाटीला धरायला काहीतरी हाताशी होते.

दुसरे उदाहरण खुद्द इराणचेच. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी इराणवर सरळ चढाई केली, देश वाटून व्यापला आणि १९५३ च्या शहांच्या वडिलांना, रझा शहांना, गादी सोडायला लावली. त्यांना घेऊन निघालेले जहाज मुंबईसमोर आले तेव्हा त्यांना किनाऱ्यावर पाऊलही ठेवू दिले नाही. तिथेच दुसऱ्या जहाजावर चढवून मॉरिशसला धाडले. राजाचा याहून मोठा अपमान काय असतो? पण जानेवारी १९४२ च्या तहात फौजा युद्धानंतर सहा महिन्यांत माघारी जातील असे लिहिले गेले, सोव्हिएतांनी मुदत उलटवली तेव्हा प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत गेले, आणि १९४६ मध्ये ते मिटले. त्या चढाईचे नाव आजच्या घोषणांत तुलनेने क्वचित ऐकू येते.

आता १९५३ मध्ये नेमके काय झाले ते पाहू, कारण ‘सीआयएने सरकार पाडले’ या तीन शब्दांत बरेच काही झाकले जाते. ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातल्या इराणी तेलाचे राष्ट्रीयीकरण मार्च १९५१ मध्ये झाले. ब्रिटनने आधी उघड मार्ग वापरून पाहिले: तेलावर बहिष्कार, सुरक्षा परिषद, आंतरराष्ट्रीय न्यायालय. न्यायालयाने २२ जुलै १९५२ रोजी हा वाद आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असा निकाल दिला, ऑक्टोबरमध्ये इराणने ब्रिटनशी संबंध तोडले, आणि वकिलात गेल्यामुळे ब्रिटिश हेरखात्याला बसायला जागा उरली नाही. मग योजना अमेरिकेच्या गळी उतरवण्यात आली. ४ एप्रिल १९५३ रोजी सीआयएच्या प्रमुखांनी तेहरानच्या शाखेला दहा लाख डॉलर मंजूर केले. २० मे रोजी मजलिसच्या, म्हणजे इराणी संसदेच्या, सदस्यांचे सहकार्य विकत घेण्यासाठी आठवड्याला दहा लाख रियाल, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ११ हजार डॉलर, खर्चायची परवानगी मिळाली. वर्तमानपत्रांत लेख आणि व्यंगचित्रे पेरली गेली. कम्युनिस्टांचे सोंग घेतलेल्या माणसांनी धर्मगुरूंना धमक्या दिल्या, एका नामांकित मुस्लिम व्यक्तीच्या घरावर बॉम्बही टाकला. हे सगळे सीआयएच्याच अंतर्गत इतिहासात लिहिलेले आहे.

इथे विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. ऑगस्ट १९५३ पर्यंत मोसादेक स्वतःच घटनेच्या काठावर उभे होते. त्यांनी आणीबाणीचे अधिकार घेतले होते. मजलिस बरखास्त करण्यासाठी त्यांनी जे सार्वमत घेतले त्यात ‘होय’ आणि ‘नाही’ची मते टाकायला वेगवेगळे तंबू होते, आणि निकाल ९९ टक्क्यांहून अधिक ‘होय’ असा लागला. असा निकाल कुठल्याही लोकशाहीला शोभत नाही. वजनदार धर्मगुरू अयातुल्ला काशानी त्यांना सोडून गेले होते, बाजारपेठेतला पाठिंबा आटत होता, तेल विकले जात नसल्याने तिजोरी रिकामी होती. शिवाय परक्यांचा डाव मुळात फसलाच होता. १५ ऑगस्टच्या रात्री शहांनी काढलेले मोसादेक यांच्या बडतर्फीचे फर्मान घेऊन गेलेल्या कर्नल नसिरींनाच अटक झाली, शहा आधी बगदादला आणि तिथून रोमला पळाले, वॉशिंग्टनने आवरते घ्यायला सांगितले. चार दिवसांनी जे घडले त्यात इराणी सेनाधिकारी, धर्मगुरूंचे अनुयायी आणि रस्त्यावरची गर्दी यांचा हात मोठा होता. त्यांना केवळ कळसूत्री बाहुल्या ठरवणे म्हणजे इराणी लोकांना स्वतःची बुद्धी नव्हती असे म्हणण्यासारखे आहे.

हे सारे मान्य करून पुढचा प्रश्न विचारू. मोसादेक यांनी मजलिस बरखास्त करायला का काढली? कारण सदस्य परकीय पैशाने फुटले आहेत असा त्यांचा आरोप होता. आणि आज कागद सांगतात की आठवड्याला दहा लाख रियाल त्याच कामासाठी मंजूर होते. ज्या कृतीसाठी त्यांना हुकूमशहा म्हटले जाते ती काही अंशी त्या लाचेलाच दिलेले उत्तर होते. काशानी दुरावले ते अनेक कारणांनी, पण कम्युनिस्ट आता मशिदीवर येणार अशी जी भीती धर्मगुरूंमध्ये पसरली होती ती खरी किती आणि पेरलेली किती, हे त्या गुरूंनाही सांगता आले नसते. गुप्त हस्तक्षेपाची ही खरी करामत: तो घटना घडवतोच, शिवाय पुरावाही गढूळ करून ठेवतो. सरकार आपोआप पडले असते की पाडावे लागले, या प्रश्नाचे उत्तर १९५४ च्या निवडणुकीने दिले असते. ती निवडणूक मोसादेक यांना लढवू देण्यात आलीच नाही. तीन वर्षे तुरुंग आणि मग मृत्यूपर्यंत, म्हणजे मार्च १९६७ पर्यंत, अहमदाबाद या गावी नजरकैद. ‘तसेही पडलेच असते’ असे आज सत्तरहून अधिक वर्षांनी छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी तो निकाल कुठे पाहिला?

दुसरा आक्षेप असा की इस्लामी प्रजासत्ताकाचे मोसादेक-प्रेम बेगडी आहे. बरोबर. १९७९ च्या क्रांतीनंतर तेहरानच्या पहलवी रस्त्याला मोसादेक यांचे नाव दिले गेले आणि थोड्याच काळात ते पुसून वलीअस्र केले गेले. पण या बेगडीपणाने माझ्या म्हणण्याला बळच मिळते. राज्यकर्त्यांना मोसादेक नको आहेत. त्यांना हवा आहे तो कटाचा धडा. तो त्यांनी कसा वापरला हे पाहायचे तर मेहदी बाझरगान यांच्याकडे पाहावे लागते, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण हेच आहे. बाझरगान अभियंते. १९५१ मध्ये मोसादेक यांनी ब्रिटिशांच्या हातून आबादानचा तेल उद्योग ताब्यात घ्यायला ज्यांना पाठवले त्या मंडळाचे ते प्रमुख होते. धार्मिक, पण उदार, कायद्याने चालणारे. क्रांतीनंतरच्या हंगामी सरकारचे ते पंतप्रधान झाले. २२ ऑक्टोबर १९७९ रोजी अमेरिकेने आजारी शहांना उपचारांसाठी न्यूयॉर्कला येऊ दिले. १ नोव्हेंबरला अल्जियर्समध्ये बाझरगान यांनी अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की यांची भेट घेतली. ४ तारखेला विद्यार्थी वकिलातीच्या भिंतीवरून आत शिरले. ६ तारखेला बाझरगान यांचे सरकार गेले.

विद्यार्थ्यांचे म्हणणे काय होते? १९५३ मध्ये शहा पळाले आणि आठवडाभरात परतले. तो बेत वकिलातीतून हलवला गेला होता. आता शहा पुन्हा अमेरिकेत आहेत, वकिलात जागच्या जागी आहे, आणि आपला पंतप्रधान त्यांच्या माणसांशी बोलतो आहे. भीती निराधार म्हणावी तर त्याच वर्षी जानेवारीत जनरल ह्यूसर यांना अमेरिकेने शहांचे सैन्य एकसंध ठेवायला तेहरानला धाडले होतेच. ५२ माणसे ४४४ दिवस ओलीस ठेवली गेली. तो निर्लज्ज गुन्हा होता आणि कुठल्याही जुन्या अन्यायाने त्याचे समर्थन होत नाही. पण बळी कोणाचा गेला ते नीट पाहा. १९५३ च्या नावाने जे केले गेले त्याने १९५३ चा वारसदारच संपवला. कट करणाऱ्यांचे काहीच बिघडले नाही. ज्याला अमेरिकेशी बोलता येत होते आणि बोलायचे होते, तोच संशयित ठरला. १९७९ पासून आजतागायत तेहरानमध्ये मध्यममार्गी माणसाची हीच गत होत आली आहे. २०१५ चा अणुकरार ज्यांनी केला त्यांच्यावर घरी हाच शिक्का बसला, आणि मे २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली तेव्हा शिक्का मारणाऱ्यांना आपण द्रष्टे असल्याचे प्रमाणपत्रच मिळाले. जून २०२५ मध्ये मस्कतला वाटाघाटींची सहावी फेरी व्हायला दोन दिवस असताना हल्ला झाला. यानंतर वाटाघाटीला जाणाऱ्या माणसाला घरचे लोक काय म्हणतील, हे वेगळे सांगायला नको.

संस्था म्हणतो ते हे. ५ मे १९७९ रोजी क्रांतिरक्षक दल स्थापन झाले, कारण नियमित सैन्यावर विश्वास नव्हता, आणि १९५३ मध्ये बाजू पालटली ती सैन्याने. पुढच्याच वर्षी, जुलै १९८० मध्ये, हमदानजवळच्या नोजेह हवाई तळावरून बंडाचा बेत उघडकीला आला, शेकडो अधिकारी पकडले गेले, आणि समांतर सैन्याची गरज सिद्ध झाली असे राज्यकर्त्यांनी ठरवून टाकले. आज या दलाच्या हाती क्षेपणास्त्रे आहेत, बांधकामाची कंत्राटे आहेत, बंदरे आणि तेल आहे. मोसादेक हे नावही न ऐकलेला तरुण तिथे भरती होत असेल. त्याला काही आठवण्याची गरजच नाही. दल आठवते. ‘लोक विसरले आहेत’ हा युक्तिवाद म्हणूनच फोल आहे.

कट करणाऱ्याच्या घरीही काहीतरी मुरते, आणि त्याची चर्चा फार कमी होते. तेहरानमधले स्वस्तातले यश वॉशिंग्टनला इतके गोड लागले की दहा महिन्यांत, जून १९५४ मध्ये, ग्वातेमालात तीच तालीम झाली, आणि त्याच आत्मविश्वासाने १९६१ मध्ये क्युबाच्या किनाऱ्यावर नाक कापून घेतले. इराणात तर स्वतःच बसवलेल्या राजाची मर्जी राखण्यासाठी अमेरिकी हेरांनी विरोधकांशी संबंध जवळपास सोडले आणि शहांच्याच सावाक या गुप्त पोलिसांनी पुरवलेल्या माहितीवर विसंबून राहू लागले. परिणाम? ऑगस्ट १९७८ मध्ये सीआयएचा अहवाल सांगत होता की इराण क्रांतीच्याच काय, क्रांतिपूर्व स्थितीतही नाही. पाच महिन्यांनी शहा विमानात बसले. १९६४ चा अमेरिकी सैनिकांना इराणी न्यायालयांतून सूट देणारा कायदा, ज्यावर बोलल्यामुळे खोमेनींना हद्दपार केले गेले, तोही या जुन्या कटाशी जोडलेला आहे. कणा असलेली मजलिस तो मंजूर करती ना. पण ती १९५३ नंतर उरली कुठे होती? ‘खरे वैर १९६४ चे’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावतो. हस्तक्षेप तर इटलीत झाला, चिलीत झाला. ते देश आज अमेरिकेचे मित्र कसे? इटलीचे उत्तर सोपे आहे. १९४८ मध्ये सीआयएने ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला पैसा पुरवला, पण कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली नाही, निवडणुका होत राहिल्या, मतदाराला पुढच्या वेळी हिशेब मागायची सोय राहिली. चिलीचे उत्तर अधिक मोलाचे आहे. तिथे १९७० मध्ये सेनापती रेने श्नायडर यांच्या अपहरणाच्या बेतात अमेरिकी हेर सामील होते आणि श्नायडर त्यात मारले गेले; पुढच्या तीन वर्षांत निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्याविरुद्ध सुमारे ८० लाख डॉलर खर्च झाले; ११ सप्टेंबर १९७३ नंतर सतरा वर्षे लष्करी हुकूमशहा पिनोशे होते. पण दोन वर्षांतच, १९७५ मध्ये, अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने चिलीवर स्वतंत्र अहवाल छापला. आकडे, तारखा, सारे. १९८८ च्या सार्वमतात अमेरिकेचे वजन पिनोशे यांच्या विरोधी बाजूला पडले. १९९९-२००० मध्ये सुमारे २४ हजार कागद खुले झाले आणि चिलीच्या न्यायालयांनी ते खटल्यांत वापरले. चिलीचा राग शमला आहे असे मी म्हणत नाही. पण तिथल्या माणसाला रागवायला नेमकी गोष्ट मिळाली आहे; सावलीशी भांडावे लागत नाही.

इराणच्या वाट्याला काय आले? १९८९ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने १९५१-५४ च्या इराणविषयक कागदपत्रांचा अधिकृत खंड छापला आणि त्यात सीआयएचा उल्लेखच नव्हता. इतिहासकार खवळले, सल्लागार समितीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि १९९१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून तीस वर्षांच्या आत पूर्ण व विश्वासार्ह खंड छापण्याचे बंधन घातले. १९९७ मध्ये सीआयएने कबूल केले की इराण कारवाईचे बरेच कागद १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नष्ट करण्यात आले होते. मार्च २००० मध्ये परराष्ट्रमंत्री ऑलब्राइट यांनी अमेरिकेचा सहभाग मान्य केला, ऑगस्ट २०१३ मध्ये सीआयएच्या कबुलीचा कागद बाहेर आला, सुधारित खंड निघाला तो जून २०१७ मध्ये. म्हणजे चौसष्ट वर्षांनी, आणि तेही तुकड्या-तुकड्यांत. ब्रिटनने, ज्याची ही मूळ योजना, सरकार म्हणून आजही साफ कबुली दिलेली नाही. ऑलब्राइट यांचे भाषण तेहरानमध्ये फुकट गेले यात नवल नाही. कबुली अशा वेळी आली की ऐकायला बाझरगान नव्हते. ऐकायला होते ते संशयावरच ज्यांची सत्ता उभी आहे ते.

नकाराचा आणखी एक परिणाम आपल्याला अधिक जवळचा आहे. एक खरा कट दडवला की शंभर खोटे आरोप खपतात. इंदिरा गांधींचा ‘परकीय हात’ आठवा: जयप्रकाशांच्या आंदोलनापासून साध्या संपापर्यंत सगळीकडे तो दिसत असे, आणि आणीबाणीत त्याच्या नावावर माणसे तुरुंगात गेली. पुढे १९७८ मध्ये भारतातले माजी अमेरिकी राजदूत मॉयनिहान यांनी लिहिले की सीआयएने भारतात दोनदा पैसा ओतला, एकदा केरळात आणि एकदा पश्चिम बंगालमध्ये, कम्युनिस्टांना रोखण्यासाठी. आणि तो घेतला काँग्रेसने. हात होता तर, पण ज्यांच्यावर आरोप झाले त्यांच्या खिशात नव्हता! पाकिस्तानात २०२२ मध्ये इम्रान खान यांनी आपली सत्ता अमेरिकेने घालवली असे सांगितले. ते सिद्ध न होताही कोट्यवधींना पटले, कारण इतिहासाने तशी सोय करून ठेवली आहे. जून २०२५ नंतर इराणने हेरगिरीच्या संशयाचा गवगवा करून लाखो अफगाण निर्वासितांना सीमेपार हाकलले. इस्रायलने आत शिरवलेले ड्रोन खरे होते. ट्रकमध्ये कोंबलेल्या त्या कुटुंबांचा त्यांच्याशी संबंध काय?

हे सर्व वाचताना मराठी वाचकाची मान डोलत असेल, तर आता जरा अवघड प्रश्न. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे कुठवर चालणार? १९८३ पासून भारताच्या ‘रॉ’ने श्रीलंकेतल्या तमिळ सशस्त्र गटांना तमिळनाडूत आणि तेव्हाच्या उत्तर प्रदेशातल्या चक्राता इथे प्रशिक्षण दिले. दिल्लीने जाहीरपणे ते नाकारले. ४ जून १९८७ रोजी हवाई दलाने जाफन्यावर २५ टन मदतसामग्री टाकली तेव्हा पडदा फाटला. २९ जुलैला कोलंबोत करार झाला, दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या रांगेतल्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. भारतीय शांतिसेनेचे अकराशेहून अधिक जवान ‘एलटीटीई’ या ज्या तमिळ संघटनेशी लढताना गेले तिला शस्त्र धरायला शिकवण्यात आपलाही वाटा होता, आणि २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूरला राजीव गांधींची हत्याही त्याच संघटनेने केली. करारानंतरचा काळ श्रीलंकेत जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या पक्षाच्या भारतविरोधी उठावाचा होता. भारतीय मालावर बहिष्कार, करार करणाऱ्यांवर गोळ्या.

त्या पक्षाचे नेते अनुरा कुमारा दिसानायके सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिला परदेश दौरा त्यांनी दिल्लीचा केला. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी संरक्षण सहकार्याच्या करारपत्रावर सह्या केल्या. हे कसे जमले? २०२२ च्या दिवाळखोरीत भारताने दिलेल्या सुमारे चार अब्ज डॉलरच्या मदतीमुळे, हे एक कारण. पण त्याआधी हे झाले होते: १९८७ मध्ये आपला हस्तक्षेप गुप्त राहिला नाही, तो लेखी करार झाला, फौजा २४ मार्च १९९० रोजी परतल्या, १९९२ मध्ये भारताने ‘एलटीटीई’वर बंदी घातली. शेवट होता, आणि तो सर्वांना दिसला. जो भाग अजून दुखतो तो नेमका १९८३ ते ८७ चा, कारण त्यावर दिल्लीने कोलंबोला अधिकृतपणे कधी काही सांगितले नाही. राजीव गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या जैन आयोगाच्या १९९७ च्या अंतरिम अहवालात प्रशिक्षण छावण्यांचा तपशील आला, पण तो श्रीलंकेला उत्तर म्हणून नव्हे, देशातल्या राजकीय भांडणात. आणि त्याने पडले ते गुजराल सरकार. म्हणूनच आजही भारत-श्रीलंका पुलाचा किंवा वीजवाहिनीचा प्रस्ताव निघाला की कोलंबोतले कोणीतरी चक्राताची आठवण काढतेच.

तेव्हा मागायचे काय? माफी नव्हे, माफी राजकारण्यांना स्वस्त पडते आणि ऐकणाऱ्याला अपुरी. मागायचे ते मुदतबंद कागद. अमेरिकेच्या १९९१ च्या कायद्यासारखी तरतूद आपल्याकडे नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि १९९७ चे नियम सांगतात की कायमस्वरूपी जपायचे कागद पंचवीस वर्षांनी राष्ट्रीय अभिलेखागारात जावेत, पण गोपनीय शिक्का काढायचा की नाही हे ज्या खात्याने तो मारला तेच ठरवते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ आणि दुसऱ्या अनुसूचीने ‘रॉ’ला भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरता अपवाद ठेवून बाकी सर्व बाबतींत वगळले आहे. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल, जो उघड युद्धाचा आणि खुद्द आपल्याच सैन्याचा आहे, तो १९६३ पासून कुलपात आहे. मग जाफन्याच्या फाइलची काय कथा? संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये युद्धेतिहासाचे कागद साधारण पंचवीस वर्षांत खुले करण्याचे धोरण आखले, ते चांगले झाले, पण हेरखाते त्याच्या बाहेरच राहिले.

कागद खुले केले तर खबऱ्यांचे जीव धोक्यात येतील, ही हरकत खोटी नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या खबऱ्याची मुले आजही त्याच गावात राहत असतात. त्यावर उपाय चिलीच्या कागदांत दिसतो. तिथे माहिती देणाऱ्यांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील काळ्या पट्ट्यांनी झाकले गेले. आदेश कोणी दिला, पैसा किती आणि कोणत्या तारखेला मंजूर झाला, मंत्रालयात कोणी विरोध नोंदवला, हे उघडे राहिले. १९८३-८७ च्या कागदांबाबत दिल्लीला हे करायचे तर नवा शोध लावायचा नाही. पट्ट्या कुठे मारायच्या हे ठरवणारी, खात्याबाहेरचे इतिहासकार आणि निवृत्त न्यायाधीश असलेली एक समिती नेमायची, तिला मुदत द्यायची, आणि तिचा निर्णय खात्यावर बंधनकारक करायचा. अमेरिकेचा १९८९ चा खंड पोकळ निघाला तो अशा अधिकाराच्या समितीविना: सल्लागार समिती होती, पण काय गाळले जात आहे ते पाहण्याचा अधिकार तिला नव्हता.